जागेचे मोल : समुद्रमार्गे जाणारे कापड आणि त्याचे भाडे

जहाजाने परदेशी जाणाऱ्या मालाचे भाडे दोन मापांनी आकारले जाते, एक वजनाचे आणि दुसरे आकारमानाचे; आणि या दोहोंपैकी ज्या मापाने जहाज कंपनीच्या पदरात अधिक पडेल तेच लावायचे, ही रीत सागरी व्यापारात इतकी रुळलेली आहे की तिच्याविषयी कोणी तक्रारही करीत नाही. लोखंड आणि खनिजे वजनाने भाडे भरतात. कापूस, सूत, कापड आणि तयार कपडे जागेने भरतात. आगबोटींच्या काळात जहाजातील ४० घनफूट जागा म्हणजे एक टन असे धरले जाई. या ‘मापी टना’चा तराजूतील टनाशी नावापलीकडे फारसा संबंध नसे. आज ज्याचा माल अख्खा कंटेनर भरण्याइतका नसतो त्याला एक घनमीटर किंवा एक टन यांपैकी जे अधिक भरेल त्याप्रमाणे भाडे द्यावे लागते, आणि एक घनमीटर खोक्यांत बसणारे सुती टॉवेल टनाच्या जवळपासही जात नसल्यामुळे कापड पाठवणारा जे भाडे भरतो त्यातला मोठा हिस्सा धाग्याधाग्यांत अडकलेल्या हवेचा असतो. मुंबईच्या गुजराती व्यापाऱ्यांच्या तोंडी जहाजभाड्याला ‘नूर’ असा सुटसुटीत शब्द आहे. कापडाच्या परदेशी व्यापाराचा इतिहास सहसा कापूस, गिरणी, जकात आणि बाजारपेठ या चार खांबांवर उभा केला जातो. नुराकडे पाहिल्याखेरीज तो पुरता कळत नाही, आणि त्यातही जागेचा दर किती होता यापेक्षा तो दर ठरवण्याचा हक्क कोणाकडे होता हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे, असे प्रस्तुत व्याख्यानाचे प्रतिपादन आहे.

हा व्यापार जुना आहे, हे सांगायला फार शब्द खर्च करण्याचे कारण नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक भाषेतील दर्यावर्दी मार्गदर्शिकेत तगर, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातील तेर, येथून नाना प्रकारचे सुती कापड गाड्यांतून भडोच बंदराकडे जात असल्याची नोंद आहे, आणि त्याच ग्रंथात सोपारा, कल्याण व चौल यांची नावेही येतात. पुढील काळात मुंबईच्या डोंगरी भागाने तेथे विकल्या जाणाऱ्या जाड्याभरड्या कापडाला आपले नाव दिले आणि ते ‘डंगरी’ होऊन इंग्रजीत गेले. जगभरचे कामगार अंगावर वागवतात त्या पोशाखात मुंबईची एक वस्ती दडलेली आहे, ही गोष्ट त्या वस्तीलाही फारशी ठाऊक नसावी. शिडाच्या जहाजांच्या या काळात माल मोसमी वाऱ्यांच्या सवडीने जाई, आणि उंची कापडाची किंमतच इतकी असे की जागेच्या भाड्याचा त्यावर फारसा भार पडत नसे. जागेचा प्रश्न खऱ्या अर्थाने उभा राहिला तो कच्चा कापूस आणि जाडे सूत यांसारखा स्वस्त पण फोफशा माल हजारो टनांनी हलू लागला तेव्हा.

या प्रश्नाला व्यापाऱ्यांनी दिलेले पहिले उत्तर म्हणजे गाठ. सरकी काढलेला कापूस दाबयंत्राखाली घालून, त्यातली हवा काढून, लोखंडी पट्ट्यांनी आवळून केलेल्या ठोकळ्याला कोठे गाठ, कोठे गासडी, तर विदर्भात गठाण म्हणतात. खेड्यापाड्यांतून सैल बांधलेले बोजे मुंबईत येत, आणि जहाजावर चढण्यापूर्वी ते पुन्हा अधिक दाबाने आवळले जात. कारण गाठ जितकी लहान तितके नूर कमी. शेतकऱ्याला किंवा गिरणीला या दाबाचा काही उपयोग नव्हता. उलट गिरणीत गेल्यावर तीच गाठ फोडून, पिंजून पुन्हा मोकळी करावी लागे. ती आवळली जात होती ती निव्वळ जहाजाच्या पोटातील जागेसाठी. आजही भारतातले कापसाचे पीक १७० किलोच्या गाठींत मोजले जाते, म्हणजे ज्या कापसाला जन्मात समुद्र दिसणार नाही त्याची मोजणीही बांधणीच्या मापानेच होते.

मुंबईतील पहिली कापडगिरणी कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली ताडदेवला काढली आणि तिचे उत्पादन १८५६ मध्ये सुरू झाले. योगायोग असा की भरणपत्राविषयीचा, म्हणजे जहाजाने माल ताब्यात घेतल्याची पावती, वाहतुकीच्या कराराचा पुरावा आणि मालावरील हक्काचे पत्र या तिन्ही नात्यांनी वापरल्या जाणाऱ्या कागदाविषयीचा, हिंदुस्थानातील पहिला कायदाही त्याच १८५६ सालचा आहे, आणि तो २०२५ मध्ये नवा कायदा होईपर्यंत टिकला. १८६१ ते १८६५ या काळातील अमेरिकेच्या यादवी युद्धाने मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आणला, १८६९ साली सुवेझचा कालवा खुला होऊन लंडनचे अंतर सुमारे ४० टक्क्यांनी घटले, १८७३ मध्ये पोर्ट ट्रस्ट स्थापन झाला, आणि १८७५ चा ससून डॉक व १८८० चा प्रिन्सेस डॉक यांमुळे मचव्यांतून गाठी वाहून भर समुद्रात जहाजावर चढवण्याची जुनी पद्धत मागे पडू लागली. गिरण्या होत्या, गोदी होती, गिऱ्हाईक होते. जहाजे मात्र दुसऱ्यांची होती.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत मुंबईच्या गिरण्यांचा खरा आधार कापड नव्हता, तर चीनला जाणारे जाडे सूत होता. मुंबई-चीन मार्गावर इंग्लंडची पी अँड ओ, ऑस्ट्रियन लॉइड आणि एक इटालियन कंपनी अशा तिघींचा संगनमताचा कारभार होता. अशा संगनमताला जहाजधंद्यात ‘कॉन्फरन्स’ असे सोज्वळ नाव आहे: एका मार्गावरील कंपन्यांनी एकत्र बसून दर ठरवायचा, फेऱ्या वाटून घ्यायच्या आणि नव्या माणसाला शिरकाव होऊ द्यायचा नाही. यासाठी वापरले जाणारे सर्वांत धारदार हत्यार म्हणजे ‘स्थगित सूट’. व्यापाऱ्याने ठरलेल्या मुदतीत आपला सगळा माल कॉन्फरन्सच्याच जहाजांतून पाठवला तर भरलेल्या भाड्यातील काही टक्के रक्कम त्याला पुढे केव्हातरी परत मिळे. पण मधल्या काळात एखादी गाठ जरी परक्या जहाजावर चढली तरी साचलेली सगळी सूट बुडे. वरकरणी बक्षीस, प्रत्यक्षात ओलीस ठेवलेला पैसा, असा हा प्रकार होता, आणि त्याची मेख अशी की व्यापारी जितका मोठा तितके त्याचे पैसे अधिक अडकलेले, म्हणजे ज्याच्या अंगी बंड करण्याची ताकद होती त्याचेच हात अधिक घट्ट बांधलेले.

जमशेटजी टाटा यांनी १८९३ साली जपानला जाऊन निप्पॉन युसेन कैशा या जहाज कंपनीशी बोलणे केले आणि दोघांनी मिळून मुंबई ते जपान हा मार्ग चालवायचे ठरले. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात जपानी कंपनीचे ‘हिरोशिमा मारू’ हे जहाज मुंबईच्या फेरीला निघाले. टाटांनी ‘ॲनी बॅरो’ आणि नंतर ‘लिंडिसफार्न’ ही इंग्रजी जहाजे भाड्याने घेऊन ‘टाटा लाइन’ सुरू केली. कॉन्फरन्सने दिलेले उत्तर आजच्या भाषेत सांगायचे तर दर पाडण्याचे होते: टाटांनी टनामागे १२ रुपयांच्या आसपास भाडे ठेवले, तर पी अँड ओ ने ते दीड रुपयापर्यंत खाली आणले, आणि त्यासोबत टाटांच्या किंवा जपान्यांच्या जहाजाला माल देणार नाही असे लिहून देणाऱ्यांना सवलत देऊ केली. टाटांनी सरकारकडे दाद मागितली, या भाडेयुद्धावर पुस्तिकाही छापली. परंतु सरकारने लक्ष घातले नाही आणि ज्यांच्यासाठी हा खटाटोप होता त्या मुंबईच्या गिरणीवाल्यांपैकी अनेकजण दीड रुपयाच्या मोहाने एकेक करून पलीकडे गेले. टाटा लाइन फार काळ टिकली नाही.

या प्रसंगाकडे एका धाडसी उद्योगपतीचा पराभव म्हणून पाहण्याची पद्धत आहे, पण त्यातला बोधाचा भाग जपानच्या बाजूला आहे. दर पडल्याचे प्रलोभन जपानी सूतगिरण्यांपुढेही होते. फरक एवढाच की तेथील सूतकात्यांच्या संघाने निप्पॉन युसेन कैशाला मालाची हमी देऊन आपल्या सभासदांना आधीच बांधून घेतले होते, त्यामुळे कॉन्फरन्सचा दर कितीही उतरला तरी कापसाच्या गाठी जपानी जहाजांवरच चढत राहिल्या. अखेरीस कॉन्फरन्सनेच नमते घेऊन १८९६ मध्ये त्या कंपनीला आपल्यात सामावून घेतले. त्याच वर्षी जपानने कच्च्या कापसावरील आयात जकात उठवली, आणि १८९७ साली जपानची सुताची निर्यात आयातीहून अधिक झाली. मुंबईचे सूत चीनला स्वस्तात जावे म्हणून उघडलेल्या मार्गाने हिंदुस्थानचा कापूस जपानला स्वस्तात पोचला, आणि त्याच कापसाचे जपानी सूत चीनच्या बाजारात मुंबईच्या सुतापुढे उभे राहिले! जून १८९३ मध्ये सरकारने टाकसाळी चांदीच्या खुल्या नाणेपाडीला बंद केल्यामुळे चांदीवर चालणाऱ्या चीनच्या गिऱ्हाइकाला रुपयाचा माल महाग पडू लागला, आणि १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला, हीही कारणे मोठी आहेत व ती नाकारण्यात अर्थ नाही. तथापि चलन आणि साथ ही गिरणीवाल्यांच्या हातातली गोष्ट नव्हती, एकजूट होती.

पुढल्या पिढीत हा धागा सोलापूरकडे येतो. १८८२ मध्ये सोलापुरात जन्मलेले वालचंद हिराचंद हे १९१९ साली नरोत्तम मोरारजी प्रभृतींसह सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच्या उभारणीत होते, आणि त्या कंपनीचे ‘लॉयल्टी’ हे जहाज ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून इंग्लंडकडे निघाले. हाच दिवस आज राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. स्थगित सुटीचे हत्यार त्यांच्यावरही चालले आणि १९२३ च्या कराराने कंपनीला दीर्घकाळ किनारी वाहतुकीच्या चौकटीत राहावे लागले. सोलापूरच्या सूतगिरण्या आणि सोलापूरचा जहाजमालक यांची गाठ दूरच्या समुद्रावर पडायला हवी होती, ती पडली नाही.

जागेनंतर या मालाची दुसरी अडचण म्हणजे त्याचा स्वभाव. कापसाला आग लवकर लागते आणि आवळलेल्या गाठीच्या पोटात ती दिवसेंदिवस धुमसत राहते, कारण कितीही दाबले तरी गाठीत हवा उरतेच. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टायकिन’ या जहाजावर सुमारे १४०० टन स्फोटके आणि कराचीला चढवलेल्या सुमारे ८७०० कापसाच्या गाठी एकत्र होत्या. या दोन वस्तू एका जहाजात भरू नयेत हे दर्यावर्दींना ठाऊक नव्हते असे नाही. युद्धकाळात जागेची चणचण होती म्हणून त्या भरल्या गेल्या. दुपारी आग दिसली, चारच्या सुमारास पहिला स्फोट झाला आणि अर्ध्या तासाने दुसरा. पेटलेल्या गाठी उडून आसपासच्या वखारींवर आणि वस्त्यांवर पडल्या व आग शहरात पसरली.

आगीपेक्षा नित्याचा शत्रू ओल. सुती धागा हवेतील बाष्प शोषून घेतो आणि प्रमाणित हवामानात स्वतःच्या कोरड्या वजनाच्या सुमारे साडेआठ टक्के पाणी बाळगतो. पॉलिएस्टर अर्धा टक्काही बाळगत नाही. पावसाळ्यात भरलेल्या कंटेनरमध्ये हे पाणी, पुठ्ठ्याच्या खोक्यांतले पाणी आणि खालच्या लाकडी फळ्यांतले पाणी अशी तिहेरी साठवण होते. दिवसा पत्रा तापला की ते बाष्प होऊन वर येते, रात्री पत्रा निवला की छताला थेंब धरतात आणि वरच्या थरातील खोक्यांवर ठिबकतात. धंद्यात याला ‘कंटेनरमधला पाऊस’ म्हणतात. समुद्राचे पाणी आत आले म्हणून माल भिजला अशी समजूत होते, पण पुष्कळदा ते पाणी मालाबरोबरच निघालेले असते. उपाय म्हणून खोक्यांत सिलिका जेलच्या पुड्या आणि कंटेनरच्या भिंतींवर कॅल्शियम क्लोराइडच्या लांब पिशव्या टांगतात. एकेकाळी बुरशीनाशक म्हणून डायमिथाइल फ्युमरेटच्या पुड्याही टाकल्या जात, परंतु त्यांनी गिऱ्हाइकांच्या त्वचेला भाजल्यासारखे चट्टे येऊ लागल्याने युरोपीय संघाने २००९ साली तशा मालावर बंदी घातली.

कंटेनर, म्हणजे ठरावीक मापाची, गोदीतील यारीने उचलता येणारी आणि ट्रक, रेल्वे व जहाज या तिन्हींवर बसणारी लोखंडी पेटी, हिची सुरुवात सहसा २६ एप्रिल १९५६ पासून मोजतात. त्या दिवशी माल्कम मॅकलीन यांचे ‘आयडियल एक्स’ हे जहाज ५८ पेट्या घेऊन अमेरिकेतील न्यूआर्कहून ह्यूस्टनला निघाले. न्हावा-शेवा बंदर २६ मे १९८९ रोजी सुरू झाले आणि मुंबईच्या जुन्या गोदीतला कापडाचा माल हळूहळू खाडीपलीकडे उरणच्या बाजूला सरकला. गाठीला पाठीवर घेणारा हमाल आणि गाठीत रुतणारा त्याचा आकडा, त्या आकड्याने फाटलेले कापड आणि म्हणून गाठीवर छापलेली ‘आकडा लावू नये’ ही सूचना, हे सारे त्यासोबत मागे पडले.

परंतु जागेचा हिशेब मागे पडला नाही, तो फक्त गोदीतून कारखान्यात आला. सोलापूरच्या टॉवेलचेच उदाहरण घेता येईल. ४० फुटी उंच कंटेनरची आतील लांबी सुमारे १२.०३ मीटर, रुंदी २.३५ मीटर आणि उंची २.६९ मीटर असते. ५८ सेंटिमीटर लांब, ४५ रुंद आणि ४० उंच असे खोके घेतले तर लांबीत २० रांगा, रुंदीत ५ आणि उंचीत ६ थर बसतात, म्हणजे ६०० खोकी. आणि छताखाली २९ सेंटिमीटरची फट रिकामी राहते, जिचे भाडे भरलेलेच असते. टॉवेलांची संख्या तीच ठेवून, घड्या बदलून आणि थोडे दाबून खोक्याची उंची ३७ सेंटिमीटरवर आणली तर सातवा थर २.५९ मीटरवर संपतो आणि खोकी ७०० व्हायला हवीत. प्रत्यक्षात ती ६९५ होतात, कारण दाराची चौकट छतापेक्षा खाली, साधारण २.५८ मीटरवर असते, आणि दाराशी असलेल्या शेवटच्या रांगेतील वरची पाच खोकी त्या एका सेंटिमीटरसाठी आत जात नाहीत. खोक्याचे वजन १८ किलो धरले तरी सगळा माल साडेबारा टन भरतो, आणि कंटेनरची वजन पेलण्याची मर्यादा त्याच्या दुपटीहून अधिक असते. उलट्या बाजूने, टॉवेल फार आवळला तर त्याचे फासे, म्हणजे पृष्ठभागावरील सुताचे उभे वेढे, बसतात आणि दुकानात तो लगदा झाल्यासारखा दिसतो. म्हणून किती दाबायचे हा प्रश्न अखेर यंत्राचा राहत नाही, नजरेचा होतो. कोट, शेरवानी असे सुरकुती न खपणारे कपडे तर आडव्या दांड्यांवर हँगरला लटकवूनच पाठवतात. तेथे रिकाम्या जागेचे भाडे इस्त्रीच्या खर्चाशी ताडून पाहावे लागते.

भरलेल्या कंटेनरला सील लागले की त्यावरचा क्रमांक कागदोपत्री चढतो आणि तेथून पुढे जहाज कंपनी आत काय आहे याची जबाबदारी घेत नाही; भरणपत्रावर ‘आत अमुक असल्याचे सांगितले आहे’ अशा अर्थाची ओळ छापलेली असते. भारतातून जाणारे तयार कपडे आणि घरगुती वापराचे कापड यांचे बहुतेक व्यवहार ‘एफओबी’ पद्धतीने होतात, म्हणजे माल जहाजावर चढेपर्यंतचा खर्च व जोखीम विकणाऱ्याची आणि पुढची विकत घेणाऱ्याची. वास्तविक कंटेनर जहाजावर चढण्याच्या कित्येक दिवस आधीच बंदरातील यार्डात सोडून द्यावा लागत असल्याने आंतरराष्ट्रीय वाणिज्य मंडळ अशा मालासाठी ‘एफसीए’ ही वेगळी अट सुचवते, ज्यात माल वाहतूकदाराच्या हवाली केला की विकणारा मोकळा होतो. पण सवय जबर असते. एफओबीचा सोपा अर्थ असा की जहाज, मार्ग आणि भाडे खरेदीदार ठरवतो व त्याने नेमलेल्या एजंटाकडेच कारखानदाराला माल द्यावा लागतो. कारखानदारालाही हे सुटसुटीत वाटते, कारण भाड्याच्या चढउताराची डोकेदुखी दुसऱ्याकडे जाते. १८९३ साली नूर ठरवण्याच्या हक्कासाठी निदान भांडण तरी झाले होते; आज तो हक्क सोय म्हणून सोडून दिला जातो, आणि त्यासोबत भाडे उतरल्यावर होणारा नफाही.

भाडे चढल्यावर काय होते ते नोव्हेंबर २०२३ पासून तांबड्या समुद्रात जहाजांवर सुरू झालेल्या हल्ल्यांनंतर दिसले. युरोपकडे जाणाऱ्या जहाजांपैकी बहुतेकांनी सुवेझ सोडून आफ्रिकेला वळसा घातला आणि प्रवास सुमारे १० ते १४ दिवसांनी लांबला. वाढलेले भाडे कागदावर खरेदीदाराचे. परंतु पुढल्या मोसमाची किंमत ठरवताना तो ते भाडे दाखवून टॉवेलचा दर घासतो, आणि हंगाम चुकेल असे वाटले तर विमानाने माल पाठवण्याचा तगादा कारखानदारालाच लावतो. वळशाच्या मार्गावर कंटेनर विषुववृत्त दोनदा ओलांडतो; उन्हाळी न्हावा-शेव्याहून निघालेला पत्रा दक्षिणेच्या थंडीत निवतो, पश्चिम आफ्रिकेच्या उष्ण दमट हवेत पुन्हा तापतो आणि उत्तरेत पुन्हा गारठतो, त्यामुळे सुवेझच्या प्रवासाचा हिशेब करून टांगलेल्या कॅल्शियम क्लोराइडच्या पिशव्या वाटेतच भरून जातात. म्हणून आता कंटेनर भरताना त्यांची संख्या वाढवावी लागते. माल जहाजावर चढण्यापूर्वी टांगल्या जात असल्यामुळे त्या वाढीव पिशव्यांचा खर्च एफओबीच्या नियमाप्रमाणे टॉवेल विणणाऱ्याच्या खात्यात पडतो.